रिपोर्ट येईपर्यंत केमो थांबवायची का?

प्रश्न: आम्ही ठाण्यात कोपरीला राहतो. आई 61 वर्षांची, चार महिने खोकला होता, आधी टीबी समजून गोळ्या दिल्या, मग बायोप्सीत फुप्फुसाचा अॅडिनोकार्सिनोमा हा कॅन्सर निघाला, चौथी स्टेज. आईने कधी तंबाखूला हात लावलेला नाही. डॉक्टर म्हणतात जीन टेस्टचा रिपोर्ट दोन-तीन आठवड्यांनी येईल, तोवर थांबू. मामा म्हणतोय उगाच वेळ कशाला घालवता, केमो सुरू करा. आणि जीनचा आजार म्हणजे मलाही होणार का?
– एक मुलगी, ठाणे पूर्व

उत्तर: ताई, शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण तोच झोपू देत नसणार. आईच्या गाठीत जो बदल शोधतायत तो बहुतेक वेळा त्या पेशींतच नंतर झालेला असतो, जन्मापासून अंगात नसतो, त्यामुळे तो वारशाने तुमच्याकडे येत नाही.

आता मामांचं. बहिणीसाठी त्यांचा जीव तुटतोय हे कळतं, पण डॉक्टर वेळ घालवत नाहीयेत. गेफिटिनिब नावाची गोळी काहींना एकदम लागू पडायची आणि बाकीच्यांना ढिम्म फरक नाही, 2004 मधे कळलं की याचं कारण ईजीएफआर या जीनमधला बदल. मग 2009 ला आशियातल्या पेशंटवरच्या आयपास ट्रायलचा निकाल आला, बदल असेल तर आजार आटोक्यात ठेवायला गोळी केमोपेक्षा सरस, नसेल तर तीच गोळी केमोच्या खूप मागे. म्हणून अंदाजाने काहीच सुरू करू नये, गोळीसुद्धा नाही. आपल्याकडे अॅडिनोकार्सिनोमाच्या साधारण चारातल्या एका पेशंटला हा बदल सापडतो, सिगरेट न ओढणाऱ्यांत जास्तच. तो नसला तर एएलके, रॉस-वन या दुसऱ्या जीनमधले बदल बघतात, त्यांच्याही गोळ्या आहेत.

आणि मामांना सांगा, केमो बाद झालेली नाही. परळच्या टाटा मेमोरियलने ईजीएफआर बदल असलेल्या 350 पेशंटवर ट्रायल केली, नुसत्या गेफिटिनिबवर आजार साधारण 8 महिने आटोक्यात राहिला, सोबत केमो दिल्यावर 16. त्रासही जास्त झाला, पण फरक केवढा! दम वाढला, तब्येत घसरायला लागली तर मात्र थांबू नका, लगेच डॉक्टरांना कळवा, तेव्हा रिपोर्टच्या आधीही केमो देतात. इम्युनोथेरपीचं, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरशी लढायला लावणारं इंजेक्शन सुचवलं तर ईजीएफआरचा रिपोर्ट आलाय का ते आधी विचारा, बदल असलेल्यांना ते सहसा कमी लागू पडतं आणि त्यामागोमाग ओसिमर्टिनिब ही ईजीएफआर बदलावरचीच दुसरी गोळी दिली तर फुप्फुसाला सूज यायचा धोका वाढतो.

सगळ्यात कळकळीने सांगते ते ब्लॉकबद्दल. सुईने काढलेला तुकडा शेवईच्या काडीएवढा, तो मेणात बसवतात त्याला ब्लॉक म्हणतात आणि प्रत्येक टेस्टला त्याचे काप जातात. माझ्या काकांच्या वेळी एका लॅबने आधीच्या टेस्टमधेच ब्लॉक संपवला, जीन टेस्टला काही उरलंच नाही, त्या दमलेल्या माणसाला परत सुई टोचून घ्यावी लागली. तेव्हा उद्याच विचारा, ब्लॉक कुठे आहे, किती शिल्लक आहे. संपला असेल तर लिक्विड बायोप्सी होते, म्हणजे जीनमधला बदल रक्तात शोधतात, त्यात बदल दिसला तर औषध सुरू करता येतं, नाही दिसला तर मात्र बदल नाहीच असं धरू नका, नवा तुकडा काढून त्यावर परत तपासावं लागतं.

दुसरं मत हवं असेल तर खारघरचं अॅक्ट्रेक हे कॅन्सर केंद्र टाटाचंच आहे, ठाण्याहून पनवेल लोकल खारघर स्टेशनला थांबते. जाताना ब्लॉक, स्लाइड्स आणि सीटीची सीडी बरोबर ठेवा.