आई लिव्ह-इनमध्ये राहणार म्हणते, आम्ही मुलांनी काय करावं?

ताई, तुम्ही लिहिलंय की आई बासष्टची आहे, बाबा जाऊन बरीच वर्षं झाली, आता ती एका विधुर काकांसोबत लग्न न करता राहायचं म्हणतेय आणि भाऊ बोलायचंच बंद झालाय. माझे वडील आई गेल्यावर असेच एका काकूंबरोबर राहतात, म्हणून मुलीच्या बाजूने जे पाहिलं ते सांगते.

आधी हे की आई काही जगावेगळं करत नाहीये. पुण्यात माधव दामले यांनी २०१२ मध्ये ज्येष्ठांच्या लिव्ह-इनसाठी मंडळच सुरू केलं, तिथे येणारे लोक तुमच्याआमच्या घरातलेच असतात.

"मग सरळ लग्नच का नाही करत" असं भाऊ विचारणारच. बऱ्याच जणींचं कारण पेन्शन असतं. केंद्र सरकारच्या नोकरीतल्या नवऱ्यामागे मिळणारी फॅमिली पेन्शन पुनर्विवाह केला की साधारणपणे बंद होते, ईपीएस-९५ मध्ये, म्हणजे पीएफवाल्या नोकरदारांच्या पेन्शन योजनेत, विधवेला मिळणारीही बंद होते. त्या वयात हातातला स्वतःचा पैसा सोडू नये असं बाईला वाटलं तर त्यात लोभ बिभ काही नाही, उलट तोच तिचा आधार आहे.

आणि भाऊ फ्लॅटच्या काळजीने चिडला असेल तर त्याला शांतपणे सांगा की लग्न झालं असतं तर काका आईचे कायदेशीर वारस झाले असते, लिव्ह-इनमध्ये तो हक्क आपोआप येत नाही. म्हणजे प्रॉपर्टीपुरतं बघितलं तर मुलांना यात भीती कमीच आहे.

खरी भीती आईलाच आहे आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही! ती काकांच्या घरी राहायला गेली आणि उद्या काका गेले तर त्यांची मुलं "आता तुमचं तुम्ही बघा" म्हणू शकतात. म्हणून काकांनी मृत्युपत्रात आईला त्या घरात हयातभर राहायचा हक्क लिहून द्यावा आणि घर नंतर त्यांच्या मुलांनाच जावं, असं केलं की दोन्हीकडची मुलं निवांत होतात. मृत्युपत्राला स्टॅम्प ड्युटी लागत नाही, दोन साक्षीदार लागतात, रजिस्ट्रेशन सक्तीचं नाही पण कराच. नुसतं नॉमिनी लावून भागत नाही, नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. आईनेही स्वतःचा फ्लॅट विकायची घाई अजिबात करू नये, परत यायची जागा राहू दे.

अजून एक, काकांच्या पत्नीचा मृत्यूचा दाखला बघून घ्या, यात संकोच नको. २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्याचं संरक्षण लिव्ह-इनमधल्या बाईला मिळू शकतं, पण सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये सांगितलंय की दोघंही लग्नाला कायद्याने मोकळे असले पाहिजेत, बराच काळ एकत्र राहिलेले असले पाहिजेत आणि समाजात नवराबायकोसारखे वावरत असले पाहिजेत. त्यामुळे हे नातं लपवून ठेवलं तर तोटा आईचाच.

आता नात्याचं. आईला एकदा स्पष्ट विचारा की घरात स्वयंपाक कोण करणार, काका आजारी पडले तर रात्री कोण जागणार. काही पुरुषांना सोबत नको असते, बिनपगारी नर्स हवी असते, हे कडू आहे पण खरं आहे. आमच्याकडे वडील सकाळचा चहा आणि भाजी आणणं बघतात, पोळ्यांना बाई आहे, घरखर्च अर्धा अर्धा, औषधपाणी ज्याचं त्याने, आणि हे सगळं एकत्र राहायच्या आधीच ठरलं होतं. नातवंडं काकूंना "आजी" म्हणायला लागली ती आपोआप, आम्ही कोणी शिकवलं नाही, आणि तुमच्याकडे "काका"च राहिले तरी बिघडत नाही.

भावाला सध्या पटवायच्या मागे लागू नका. त्याला काकांच्या मुलांना एकदा भेटायला सांगा आणि हॉस्पिटलची वेळ आली तर फोन कोणाला करायचा, सही कोण करणार, बिल कोण भरणार एवढंच त्या दिवशी ठरवून घ्या, बाकीचं नंतर बोलता येईल.