मार्व्हल कॉमिक्समधला मुखवटाधारी खलनायक डॉक्टर डूम, त्याची सहा इंची फिगर (सांधे हलणारी छोटी प्रतिकृती) घ्यायची आहे. जितके सांधे जास्त तितकी फिगर चांगली, असं समजायचं का?

निदान डूमच्या बाबतीत तरी नाही. स्पायडर-मॅनला भिंतीला चिकटायचं असतं, त्याला सांधे हवेतच. डूम उड्या मारत नाही; तो उभा राहतो आणि समोरच्याला तुच्छतेनं बघतो. म्हणून मी आधी मान हलवून बघतो. हूड वेगळं आणि मऊ प्लास्टिकचं असेल तर हनुवटी वर जाते. हूड आणि डोकं एकाच साच्यातलं असेल तर मान जेमतेम डावी-उजवीकडे वळते, आणि हनुवटी खाली घातलेला डूम म्हणजे चिलखतातला पहारेकरी!

माझ्याकडच्या डूमला कोपरात दुहेरी सांधा, मांडीत फिरकी, घोट्यात तिरकी हालचाल, सगळं आहे. पण कंबरेखालचा अंगरख्याचा घेर कडक प्लास्टिकचा. सिंहासनावर बसवायला गेलो, तर घसरगुंडीवरून घसरत असल्यासारखा दिसायला लागला. सांधे होते, त्यांना हलायला जागाच नव्हती. तेव्हा घेण्याआधी बसलेल्या पोझमधला फोटो शोधाच.

डिझाइन म्हणाल तर १९६२मध्ये 'फँटॅस्टिक फोर' या कॉमिकच्या पाचव्या अंकात जॅक कर्बीनं काढलेला तो मुखवटा अजून फारसा बदललेला नाही. चेहरा झाकलेला, त्यामुळे सगळा भाव डोळ्यांत आणि हातांत. डोळे मुखवट्याच्या भोकांत आत, खोल दिसायला हवेत. वरून रंगवलेले असले की बाहुली वाटते. नुसत्या दोन मुठी दिल्या असतील तर पैसे वाया. बोटं ताणलेला एक पंजा तरी हवाच. चिलखतही सपाट राखाडी नको, रिव्हेटच्या खाचांत काळसर छटा हवी.

केप प्लास्टिकची असेल तर वजन मागे जातं आणि फिगर पाठीवर पडते. काठात तार घातलेली कापडी केप मला आवडते, हवी तशी फुलवता येते.

आणि नवीन फिगरचा सांधा घट्ट असेल तर जोर लावू नका. तो भाग मिनिटभर गरम पाण्यात धरा, मग हळूच फिरवा. मी घाई केली आणि गुडघ्यातली खुंटी पिळवटून तुटली. आता तो गुडघा गोंदानं चिकटवलाय, त्यामुळे सिंहासनाचा प्रश्न कायमचा मिटला.