मुलाखतीतले ‘घरचे’ प्रश्न

प्रश्न : मी नाशिकमधील एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर वनस्पतिशास्त्र शिकवते. नेट उत्तीर्ण आहे, पीएच.डी.ही झाली आहे. अलीकडे शहरातल्याच दुसऱ्या एका अनुदानित महाविद्यालयात साहाय्यक प्राध्यापकपदासाठी मुलाखत दिली. संशोधनाविषयी एक जुजबी प्रश्न झाल्यावर एका सदस्यांनी ‘धाकटा केवढा आहे, त्याला कोण सांभाळते, मिस्टरांची बदली झाली तर काय कराल,’ असे विचारले. निवड झालेल्या पुरुष उमेदवारालाही दोन लहान मुले आहेत; त्यांना यातले काहीच विचारले नाही, असे त्यांनीच सांगितले. हा भेदभाव म्हणावा का? आमचे एक ज्येष्ठ सहकारी म्हणतात की, आता उलट स्त्रियांनाच झुकते माप मिळते आणि तसे संशोधनही आहे.
— एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : एकाला न विचारलेला प्रश्न दुसरीला केवळ ती आई आहे म्हणून विचारला गेला असेल, तर तो भेदभावच आहे, निवड त्याच कारणाने हुकली का, हे मात्र एवढ्यावरून सिद्ध होत नाही.

आपले सहकारी म्हणतात ते संशोधन खरे आहे. 2015 मध्ये अमेरिकेत विल्यम्स आणि सेसी यांनी 873 प्राध्यापकांपुढे काल्पनिक उमेदवारांची वर्णने ठेवली, तेव्हा त्यांनी साहाय्यक प्राध्यापकपदासाठी स्त्रियांना साधारण दुप्पट पसंती दिली. त्याआधी, 2012 मध्ये, येल विद्यापीठातील संशोधकांनी विज्ञानाच्या 127 प्राध्यापकांना प्रयोगशाळा व्यवस्थापकपदासाठी एकच अर्ज, काहींना ‘जॉन’ तर काहींना ‘जेनिफर’ या नावाने, पाठवला होता. जॉन अधिक सक्षम ठरला आणि त्याला सुचवलेला वार्षिक पगार सुमारे 30,238 डॉलर, तर जेनिफरला 26,508 डॉलर होता. हा कल परीक्षक स्त्रियांमध्येही तितकाच दिसला, ही त्यातली सर्वांत विचार करण्याजोगी गोष्ट. दोन्ही निष्कर्ष एकमेकांना खोडून काढत नाहीत, कारण 2015 मधील उमेदवार निर्विवाद उत्कृष्ट रंगवलेले होते, तर 2012 मधला अर्ज चांगला असला तरी डोळ्यांत भरणारा नव्हता, आणि अंदाजाला वाव असतो तिथेच पूर्वग्रह शिरतो. शिवाय दोन्हीकडे निर्णय कागदावरचा होता. समोर बसलेल्या बाईंना धाकट्याचे वय विचारण्याची सोय त्यात नव्हती.

आपल्याकडे हाच मुद्दा कळीचा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या विनियमांनुसार शैक्षणिक गुणांकन केवळ मुलाखतीला कोणाला बोलवायचे हे ठरवण्यासाठी वापरायचे असते आणि निवड मुलाखतीतील कामगिरीवरच होते. म्हणजे पदव्या आणि शोधनिबंध उमेदवाराला दारापर्यंत नेतात. आत सारा भार त्या थोड्या मिनिटांवर आणि सदस्यांच्या मतांवर पडतो. समितीत एक महिला सदस्य असली म्हणजे प्रश्न मिटला, असेही समजू नये. वरच्या 2012 च्या प्रयोगाने तो भरवसा ठेवलेला नाही. विषयज्ञान, अध्यापन आणि संशोधन यांचे गुण आधी ठरवून प्रत्येक सदस्याने ते स्वतंत्रपणे लिहावेत आणि सर्वांना तेच प्रश्न विचारावेत, हा उपाय मला अधिक खात्रीचा वाटतो.

भरतीत स्त्री म्हणून डावलण्यास 1976 च्या समान वेतन कायद्याने मनाई केली होती आणि वेतन संहिता, 2019 मध्येही तशी तरतूद आहे. परंतु तक्रारीआधी कागद हाती असावेत. महाविद्यालय अनुदानित असल्याने माहितीच्या अधिकारात स्वतःचे गुण, गुणदानाचे निकष आणि निवड समितीचे इतिवृत्त मागावे. उत्तराची मुदत 30 दिवसांची आहे. इतर उमेदवारांचा तपशील वैयक्तिक म्हणून नाकारला जाऊ शकतो, म्हणून मागणी स्वतःपुरती आणि नेमकी ठेवावी. विचारलेले प्रश्न, शक्यतो सदस्यांच्याच शब्दांत, आजच तारखेसह लिहून ठेवा.

पुढे पुन्हा असा प्रश्न आला, तर उत्तर देण्यास सरळ नकार द्यावा, असे मी सुचवणार नाही. पुढच्या वर्षीच्या तासिकाही अशाच मंडळींच्या हाती असताना तो सल्ला देणे सोपे, पाळणे कठीण. ‘कामाच्या वेळा मला ठाऊक आहेत आणि मी त्या पाळत आले आहे,’ एवढे सांगून लगेच आपल्या शोधनिबंधाकडे वळावे.