फळवाघूळ की शिंजीर (सूर्यपक्षी), दोघंही फुलातला मध पितात, मग झाडांच्या जास्त कामाचं कोण?

फळवाघूळ. शंकाच नाही, आणि हे मी आमच्या धाकट्या काकांना कित्येक वर्षं सांगतोय.

आमच्या गावच्या घरी पडवीत लाईटच्या वायरीला शिंजिराच्या मादीनं घरटं लटकवलं होतं, ते कोळ्याच्या जाळ्यानं गवतकाड्या चिकटवून करते तसलं, तर पिल्लं उडेपर्यंत काकांनी तिथला बल्ब कुणाला लावू दिला नाही. चांगलंच केलं. पण त्याच उन्हाळ्यात परसातल्या चिंचेवरची वाघळं अपशकुनी म्हणून भर दुपारी झाडाखाली सुतळी बॉम्ब लावले. माद्यांच्या पोटाशी पिल्लं होती तेव्हा. वाघळाला वर्षाला एकच पिल्लू होतं, ते आईला धरून लटकतं, आणि त्या गोंधळात काही सुटून खाली पडली ती मेलीच. मी भांडलो तर काका म्हणाले, "शिंजीर गोड गातो, ही घाण करतात."

अहो, त्या घाणीतच तर बिया असतात! शिंजीर दहा ग्रॅमच्या आतला जीव, पळस, बांडगूळ, जास्वंद फिरतो, आणि फूल लांब नळीचं असलं की कधीकधी बुडाशी भोक पाडून मध घेतो, म्हणजे तेव्हा परागकण नेतच नाही. वाघूळ दीड किलोपर्यंत भरतं, पंख चार फुटांच्या वर, रात्रभर लांबलांब फिरतं, मोहाच्या फुलांवर जातं, वड-उंबराची फळं खातं आणि उडता उडता बिया टाकतं, त्यामुळं झाड नसलेल्या माळावरही बी पडतं. शिंजिराकडून ते व्हायचं नाही.

काका कायदा काढायचे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात फळवाघळं उंदीर-कावळ्यांसोबत उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होती, हे खरंय. पण २०२२ च्या दुरुस्तीत ती यादीच काढून टाकली, तेव्हा आता तो मुद्दाही संपला.

हां, बांडगुळासारख्या फुलांना शिंजीरच लागतो, तिथं वाघळाचा उपयोग नाही. आणि वाघळं चिकू-पेरू खातात, नुकसान होतं, तर झाडाला जाळी लावा, फटाके नकोत. २०१८ ला केरळात कोझिकोडला निपाह विषाणूची साथ आली ती फळवाघळांकडून आली असं मानतात, म्हणून अर्धवट खाल्लेलं फळ टाकून द्या आणि खाली पडलेलं वाघूळ उघड्या हातानं उचलू नका, वनखात्याला कळवा.