कन्सोल की पीसी: दुकानात जाण्याआधी

विश्रामबाग, सांगली

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

परवा तुझे बाबा हळदीची पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची चिठ्ठी, घेऊन मार्केट यार्डातून येताना माझ्या कॉम्प्युटरच्या दुकानावर थांबले. म्हणाले, "गेमिंगसाठी कन्सोल हवा म्हणतंय पोरगं, नाहीतर पीसी. काय घ्यायचं ते तुम्हीच सांगा." त्यांच्या हातात ती पट्टी होती, पैसा कष्टाचा आहे, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

पहिल्या दिवशी कन्सोलच, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचा डबाच, स्वस्त पडतो, यात वाद नाही. सोनीचा प्लेस्टेशन ५ हा कन्सोल फेब्रुवारी २०२१ मध्ये भारतात आला तेव्हा ४९,९९० रुपयांना होता, डिस्कचा कप्पा नसलेला ३९,९९० ला. त्या पैशात तेवढा दमदार पीसी मी तेव्हा कुणालाच जोडून देऊ शकलो नसतो. पीसीवर गेमची चित्रं उमटवतं ते ग्राफिक कार्ड. इथेरियमसारखं क्रिप्टो, म्हणजे आभासी चलन, मिळवायलाही (त्याला मायनिंग म्हणतात) तीच कार्डं लागायची, म्हणून क्रिप्टोवाल्यांनी त्यांचे भाव आभाळाला भिडवले होते.

पण तुझा हिशेब वेगळा आहे. तू इंजिनिअरिंगला जाणार, घरून ये-जा करणार, म्हणजे घरात कॉम्प्युटर येणारच. मग अख्ख्या पीसीची किंमत कन्सोलशी ताडून काय उपयोग? अभ्यासापुरत्या कॉम्प्युटरवर आणखी किती घातले की त्यावर गेमही चालेल, तो वरचा आकडा काढ. कन्सोलच्या शेजारी तो आकडा ठेव.

मग गेमचा खर्च. प्लेस्टेशनचा मोठा नवा गेम साधारण पाच हजारांच्या आसपास असतो. डिस्क असेल तर खेळून झाल्यावर विकता येते, मित्राशी बदलता येते. माझा पुतण्या गेली तीन वर्षं असाच जुन्या डिस्कवर खेळतोय. म्हणून कन्सोलच घेतलास तर डिस्कवालाच घे. बिनडिस्कच्यात वाचलेले पैसे काही गेममध्येच परत जातात. मित्रांबरोबर ऑनलाइन खेळायला बहुतेक विकतच्या गेमना वर्गणीही लागते, दरवर्षी काही हजार. पीसीवर ती नाही. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानाचे सेल लागतात, आणि एपिक हे तसंच दुसरं दुकान डिसेंबर २०१८ पासून काही गेम फुकट वाटतंय.

वीजबिल बाबा भरतात, तेही मोज. प्लेस्टेशन ५ खेळताना साधारण २०० वॅट घेतो: रोज दोन तास म्हणजे महिन्याला १२ युनिट. तगड्या कार्डाचा पीसी ४०० घेत असेल तर २४. घरगुती बिल १०० युनिटच्या वर गेलं की पुढच्या युनिटचा दर वाढतो, हे लक्षात असू दे.

जुनं कार्ड घ्यायचा मोह होईल. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग थांबलं आणि रात्रंदिवस राबलेली कार्डं बाजारात आली. त्यातलं एक मीही घेतलं, चालवून न बघता. घरी आणून पंखा बोटाने फिरवला तर खरखर आली. तीन महिन्यांत पडद्यावर हिरवे ठिपके, आणि पैसे पाण्यात. तू विकणाऱ्यासमोर अर्धा तास गेम चालव, तापमान बघ, खरेदीचं बिल माग.

माझं मत स्पष्ट आहे: तू पीसी घे, पण टप्प्याटप्प्याने. आत्ता अंगभूत ग्राफिक्सचा चांगला प्रोसेसर, १६ जीबी रॅम आणि पुढच्या कार्डाला पुरेल असा दमदार एसएमपीएस, म्हणजे पीसीच्या आत सगळ्यांना वीज पुरवणारा डबा. एसएमपीएसवर पैसे वाचवू नकोस. तो जाताना मदरबोर्डही घेऊन जाऊ शकतो. कार्ड पुढच्या वर्षी. वीज गेल्यावर थोडा वेळ पीसी चालू ठेवणारा यूपीएस मात्र आजच.

पीसीचं कॅबिनेट जमिनीवर ठेवायचं नाही, तुमचं घर नदीकडेला आहे. २०१९ च्या पुरानंतर मी दुरुस्तीला आलेली कॅबिनेटं उघडली, तेव्हा पंख्याच्या पात्यांवर कृष्णेचा गाळ वाळून पोपडे धरले होते. त्यातली फार थोडी परत सुरू झाली.

रविवारी दुपारी बाबांना घेऊन ये. कुठले गेम खेळायचेत ते कागदावर लिहून आण. काही गेम फक्त कन्सोलवरच येतात. त्यातलाच एखादा तुझा जीव की प्राण असेल, तर हा सगळा हिशेब पुन्हा मांडू.

तुझा,
काका