टोपी उन्हासाठी नसते, हे नागपूरकराला सांगावे लागत नाही

आपला प्रश्न असा आहे की ऊन, पाऊस आणि थंडी यांपासून डोके वाचवणे एवढेच टोपीचे काम असताना तिच्यावरून इतिहासात इतके हास्यास्पद कायदे, दंगली आणि रुसवेफुगवे का झाले, आणि एवढे महत्त्व असलेली टोपी आज बहुतेकांच्या डोक्यावरून का उतरली. प्रश्नातले गृहीतकच मला मान्य नाही. मी नागपूरचा आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर गेला की आम्ही डोके, कान आणि अर्धा चेहरा दुपट्ट्याने घट्ट बांधून बाहेर पडतो, आणि त्या दुपट्ट्यावरून कोणाचे भांडण झाल्याचे मी आजवर ऐकलेले नाही. तो कोणाचाही चालतो, कोणत्याही रंगाचा चालतो आणि घरी आल्यावर खुर्चीच्या पाठीवर पडतो. याउलट खळ देऊन कडक केलेली टोपी कानांना सावली देत नाही, मानेला देत नाही, डोळ्यांना तर नाहीच. तरीही तिच्यामुळे आमच्या घरात दोन बिऱ्हाडांचे बोलणे कित्येक वर्षे बंद होते. डोक्याच्या खऱ्याखुऱ्या उपयोगाची वस्तू माणूस बिनतक्रार वापरतो किंवा बिनतक्रार टाळतो. भांडतो तो निरुपयोगी वस्तूसाठी.

हे केवळ नागपुरापुरते खरे नाही. १९१४ साली युरोपातील सैन्ये युद्धावर निघाली, तेव्हा फ्रेंच आणि ब्रिटिश शिपायांच्या डोक्यावर कापडी टोप्या होत्या आणि जर्मन शिपायाच्या डोक्यावर चामड्याचे, माथ्यावर टोकदार खिळा मिरवणारे शिरस्त्राण होते. तोफगोळ्यांच्या किरचांपुढे तो खिळा काय करणार होता हे कोणत्याही सेनापतीने विचारलेले दिसत नाही, कारण तो शत्रूसाठी नव्हताच, संचलन पाहणाऱ्यांसाठी होता. पोलादी शिरस्त्राणे फ्रेंचांना आणि ब्रिटिशांना १९१५ मध्ये व जर्मनांना १९१६ मध्ये मिळू लागली. तोपर्यंत डोकी फुटायची ती फुटली होती. आमच्या शहरातले दुचाकीस्वार हेल्मेट हँडलला अडकवून फिरतात आणि चौकात पोलीस दिसला की डोक्यावर चढवतात, त्यांना मी हसत नाही, कारण त्यांची परंपरा मोठमोठ्या सेनापतींची आहे.

आता आमच्या घरातला प्रसंग सांगतो, कारण आपल्या प्रश्नाचे उत्तर मला पुस्तकात मिळण्याआधी तेथे मिळाले. माझ्या चुलत बहिणीचे लग्न भर मे महिन्यात होते. आमच्याकडे लग्नात जावई, व्याही आणि वडीलधारे यांना टोपी-दुपट्टा देण्याची रीत आहे. एकेकाचे नाव पुकारायचे, त्याने उठून यायचे, टोपी डोक्यावर ठेवून घ्यायची, दुपट्टा खांद्यावर घ्यायचा आणि परत जागेवर बसायचे. यादी आणि गाठोडे सांभाळण्याचे काम माझ्याकडे होते. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, सरकारी खात्यात अभियंता आणि विचाराने कडक सुधारक. साक्षगंधाच्या दिवशीच त्यांनी भरल्या घरात जाहीर केले होते की टोपी म्हणजे वीतभर कापड आणि चमचाभर खळ, तिच्यात मान नाही की अपमान नाही, तेव्हा त्यांचे नाव यादीतून काढावे आणि वाचलेल्या पैशांत पाहुण्यांना मठ्ठा पाजावा. काकाजींनी त्यांच्यासमोर, त्यांच्याच पेनने, ते नाव खोडले.

लग्न लागले आणि नावे पुकारायला सुरुवात झाली. थोरले व्याही झाले, मामेसासरे झाले, मग जावयांची पाळी आली आणि ध्वनिक्षेपकावरून धाकट्या जावयाचे नाव आले. भाऊजी कूलरसमोरच्या खुर्चीवरून उठले आणि मंगल कार्यालयाबाहेरच्या कडुलिंबाखाली, भर दुपारी, उघड्या डोक्याने जाऊन उभे राहिले. पंगत बसली, वडाभात वाढला गेला, तरी ते आत आले नाहीत. आधी ताई समजावून आली, मग आई, मग स्वतः काकाजी. शेवटी दुपारी दोनच्या सुमारास, डोक्याला दुपट्टा गुंडाळून, स्कूटर घेऊन मला गांधीबागेच्या कापडबाजारात पिटाळण्यात आले. त्या आठवड्यात तिथी दाट होत्या आणि सगळ्या लग्नघरांनी दुकाने धुऊन नेली होती. गांधीबागेत फिरून पांढरी टोपी मिळू नये हा योग माझ्याच नशिबी होता. एका दुकानात काळ्या टोप्या तेवढ्या शिल्लक होत्या. त्यांतली एक घेऊन मी परतलो.

भाऊजींनी ती हातात घेतली, उलटी करून पाहिली आणि, रागात त्यांची पुस्तकी मराठी सुटते, म्हणाले, “काकाजी, मले आता शाखेत धाडता का?” भाऊजींचे वडील आयुष्यभर काँग्रेसचे कार्यकर्ते होते. राष्ट्रीय स्वयंसेवक संघ याच शहरात १९२५ साली स्थापन झाला, त्याच्या गणवेशातली टोपी आधी खाकी होती आणि १९३० मध्ये ती काळी झाली. दुसरीकडे १९२० च्या डिसेंबरात असहकाराचा ठराव पक्का करणारे काँग्रेसचे अधिवेशनही नागपूरचेच, आणि त्या चळवळीबरोबर पांढरी टोपी घरोघरी पोहोचली. त्यामुळे आमच्याकडे टोपीचा रंग शाळकरी पोरालाही वाचता येतो. वीतभर कापड आणि चमचाभर खळ यांत मान-अपमान नसतो असे म्हणणाऱ्या अभियंत्यालाही तो वाचता आला. भाऊजी न जेवता गेले.

हा घरगुती पोरखेळ वाटत असेल, तर तुर्कस्तानाकडे पाहावे. सुलतान दुसऱ्या महमूदने १८२९ मध्ये सरकारी नोकरांच्या डोक्यावरचे पागोटे उतरवून लाल, गोंडेदार फेझ टोपी चढवली, तेव्हा धर्म बुडाल्याची ओरड झाली. पुढे तीच फेझ इतकी अंगवळणी पडली, आणि कड नसल्यामुळे नमाजात कपाळ टेकवायला इतकी सोयीची ठरली, की १९२५ मध्ये नव्या प्रजासत्ताकाचा अध्यक्ष अतातुर्क याने कायद्याने तिच्यावर बंदी घालून हॅट आणली, तेव्हा धर्म बुडाल्याची ओरड याच फेझसाठी झाली. शंभर वर्षांच्या आत एकच टोपी अधर्माची खूण होती आणि धर्माचीही झाली. लोकरीत किंवा शिवणीत काही बदलले नव्हते. आमच्याकडची गंमत त्याहून बारीक आहे. पांढरी टोपी ज्यांच्या नावाने ओळखली जाते त्या गांधीजींनी सप्टेंबर १९२१ मध्ये मदुराईत पंचा स्वीकारला तेव्हा टोपीही सोडली; त्यांच्या डोक्यावरून ती उतरली आणि उरलेल्यांच्या डोक्यावर राहिली.

उन्हासाठी म्हणून इंग्रज साहेब घालत त्या सोला टोपीचे उदाहरण देऊन मला कोणी खोडून काढील, म्हणून तेही येथेच निपटतो. नागपूर १८६१ पासून मध्य प्रांताची राजधानी, शेजारी कामठीची छावणी, म्हणजे या टोपीचे ते हक्काचे राज्य होते. बंगालच्या दलदलीत वाढणाऱ्या शोला नावाच्या झाडाच्या हलक्या, पांढऱ्या गराची ती असे. भारतातल्या सूर्याचे किरण युरोपीय कवटीतून आरपार मेंदूत शिरतात अशी त्या काळच्या डॉक्टरांची समजूत होती, आणि गोरा शिपाई दिवसा तिच्याशिवाय दिसला तर शिक्षा होई. उष्माघात किरण कवटीत शिरल्याने होत नाही, शरीराला आतली उष्णता बाहेर टाकता येईनाशी झाली की होतो, हे नागपुरात कोणीही सांगितले असते. दुसऱ्या महायुद्धात सैनिक साध्या टोप्यांवर उन्हात लढले, काही बिघडले नाही, आणि सोला टोपी मागे पडली. तिने सावली दिली हे कबूल. पण ती साहेब कोण हे दुरून सांगत होती, म्हणून एवढी टिकली. त्याच शोल्याचा, मुकुटासारखा टोपोर बंगाली नवरदेव लग्नात डोक्यावर चढवतो आणि त्याच्याकडून सावलीची अपेक्षा कोणी करत नाही.

कायदे करणाऱ्यांनी टोपीचा उपयोग अचूक ओळखला होता. इंग्लंडमध्ये १५७१ च्या कायद्याने, बडे सरदार आणि प्रतिष्ठित स्त्रिया वगैरे वगळता, सहा वर्षांवरील प्रत्येकाला रविवारी आणि सणाला देशी लोकरीची टोपी घालणे सक्तीचे केले, कारण टोपी करणाऱ्यांचा धंदा बसला होता. पुढे १७८४ मध्ये तेथेच टोपीवर कर बसला. टोपीच्या आत तिकीट चिकटवावे लागे आणि खोटे तिकीट छापणाऱ्याला देहान्ताची शिक्षा होती. न्यूयॉर्कमध्ये तर कायदाही लागला नाही. गवती टोपी १५ सप्टेंबरनंतर घालायची नाही असा नुसता प्रघात होता, पण १९२२ मध्ये पोरांनी दोन दिवस आधीच लोकांच्या डोक्यांवरून टोप्या ओढून तुडवायला सुरुवात केली आणि अनेक रात्री दंगल चालली.

थोडे सावरून सांगितले पाहिजे. शेतकऱ्याचे मुंडासे आणि बांधकामावरचे हेल्मेट यांना मी निरुपयोगी म्हणत नाही. सगळेच हसण्यासारखेही नाही: तुर्कस्तानात हॅटला विरोध करणाऱ्यांपैकी काहींना फाशी झाली, आणि फेल्ट हॅट करणारे कारागीर जनावरांचे केस एकमेकांत घट्ट बसवण्यासाठी लागणाऱ्या पाऱ्याच्या क्षारांनी हातापायांना कंप सुटून, डोके बिघडून गेले, अमेरिकेत हा वापर १९४१ मध्ये थांबला.

टोपी आज का उतरली, या आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे माझे उत्तर छोटे आहे. ती उतरलेली नाही, रोजच्या डोक्यावरून उठून प्रसंगाच्या डोक्यावर गेली आहे. २०११ मध्ये अण्णांच्या उपोषणात ती छापील मजकुरासह एका आठवड्यात देशभर परत आली, हे आपण पाहिलेच असेल.

आपल्या घरी लग्न असेल तर टोप्या दोन्ही रंगांच्या आणि गरजेपेक्षा अधिक घ्याव्यात, आणि “मला नको” असे जो सर्वांत मोठ्याने सांगेल त्याचे नाव यादीत सर्वांत वर लिहावे. आमच्या भाऊजींचे म्हणणे अजूनही असे आहे की त्यांना टोपीचा नव्हे, नाव न पुकारल्याचा राग आला होता, आणि या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या वेगळ्या असत्या, तर काकाजींनी लिंबाखाली जाऊन त्यांचे नाव घेऊन, हात जोडून बोलावले तेव्हाच ते जेवायला आले असते. ते हे उत्तर वाचतील याची मला खात्री आहे. त्यांनी एवढेच सांगावे की टोपी जर निव्वळ कापडच होती, तर त्या दिवशी काळ्या कापडाने त्यांचे काय बिघडणार होते.