नगरपंचायतीचा घनकचरा आराखडा मंजुरीला आलाय. हात वर करण्याआधी काय तपासावं?

तुम्ही नगरसेवक आहात, गावाची लोकसंख्या २५ हजारांच्या घरात आहे, सल्लागाराने दिवसाला १० टनांच्या प्रकल्पाचा डीपीआर, म्हणजे सविस्तर प्रकल्प अहवाल, सभेपुढे ठेवलाय आणि त्यात सगळ्यात मोठी रक्कम यंत्रांची आहे. यात नेमकं काय बघायचं, असा तुमचा प्रश्न आहे. सगळ्यात आधी हे १० टन कुठून आले ते विचारा. बहुतेक वेळा लोकसंख्येला माणशी ४०० ग्रॅमने गुणलेलं असतं. हा दर मोठ्या शहराचा. लहान गावात तो साधारण २०० ते ३०० ग्रॅम निघतो, म्हणजे तुमच्याकडे ५ ते साडेसात टन. आकडा फुगला की शेड फुगते, यंत्र फुगतं, वीजजोडणी फुगते, आणि पुढे अर्धं यंत्र रिकामं फिरवण्याचा खर्च नगरपंचायतीच्या माथी येतो.

त्यामुळे वजन केल्याशिवाय आराखडा पुढे सरकू देऊ नका. सलग सात दिवस प्रत्येक घंटागाडीची प्रत्येक खेप काट्यावर न्या. भरलेली आणि रिकामी, दोन्ही वजनं घ्या. आठवडी बाजाराचा दिवस त्यात आलाच पाहिजे. हेच पावसाळ्यात पुन्हा एकदा करा, कारण तेव्हा भिजल्यामुळे वजन वाढतं आणि ओल्या कचऱ्याचा स्वभावही बदलतो. गावात काटा नसेल तर साखर कारखान्याचा किंवा खासगी धर्मकाटा चालतो.

वजनासोबत कचऱ्यात काय काय आहे तेही मोजा. गावठाण, नवी वसाहत, झोपडपट्टी, बाजारपेठ अशा वेगवेगळ्या भागांतून आलेल्या गाड्यांतला कचरा ताडपत्रीवर ओतून फावड्याने चांगला मिसळा. ढिगाचे चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाकून द्या, उरलेले पुन्हा मिसळा. शंभर किलोच्या आसपास उरेपर्यंत हेच करत राहा. मग हाताने निवडून ओलं, पुठ्ठा-कागद, जाड प्लास्टिक, पातळ पिशव्या आणि रॅपर, कापड, काच, सॅनिटरी (पॅड, डायपर), माती-दगड यांचं वेगवेगळं वजन घ्या. माती जास्त निघाली तर समजा की झाडलोटीचा आणि गटारातला गाळ त्याच गाडीत पडतोय. तो आधी वेगळा काढा, नाहीतर पुढे खतात तोच चाळत बसाल.

आता गाड्या. पैसे कमी लागतात म्हणून या भागाकडे कोणी फारसं बघत नाही, पण योजना मोडते ती इथेच. एका गाडीला ७५० घरं हा नियोजनाला बरा हिशेब आहे. २५ हजार लोकसंख्येची साडेपाच हजार घरं धरली तर सात-आठ गाड्या आणि एक राखीव लागेल. राखीव गाडी डीपीआरमध्ये नसेल तर ती घालून घ्या. एक गाडी गॅरेजला गेली की तिच्या वॉर्डातला कचरा दोन दिवसांत कोपऱ्याकोपऱ्यावर दिसायला लागतो आणि लोकांची सवय पुन्हा मोडते.

गाडीच्या हौद्यात मधोमध पत्रा मारून ओला-सुका असे दोन समान कप्पे करायची सर्रास पद्धत आहे. ती चुकीची आहे. ७५० घरांतून दिवसाला सुमारे ९०० किलो कचरा येतो. त्यातला ओला ५०० किलोच्या आसपास असतो आणि तो सव्वा घनमीटरमध्ये मावतो. सुका वजनाने जेमतेम अडीच-तीनशे किलो, पण फुगीर असल्याने त्याला तीन घनमीटर जागा लागते. समान कप्प्यांत सुक्याचा भाग निम्म्या रस्त्यातच भरतो आणि मग गाडीवरचा माणूस उरलेला सुका ओल्यात टाकतो. घरातून वेगळा करून दिलेला कचरा आपल्या डोळ्यांदेखत एकत्र झालेला बाईने एकदा पाहिला, की दुसऱ्या दिवसापासून ती वेगळा करत नाही, आणि तिला दोष देता येत नाही. सुक्याच्या बाजूला उंच जाळी लावा, किंवा ओला रोज आणि सुका आठवड्यातून दोन ठरलेल्या दिवशी घ्या. ओल्याचा कप्पा तळाला गळणारा नको. सॅनिटरी कचरा आणि बॅटऱ्या, ट्यूबलाइट, औषधं यांच्यासाठी गाडीला बाहेरून दोन छोटे डबे अडकवा.

ठेक्याची निविदा नीट वाचा. टनावर पैसे द्यायचे असतील तर गाडीत माती, राडारोडा आणि पाणी येणारच. बिल किती घरांपर्यंत गाडी पोहोचली आणि किती कचरा वेगळा आला यावर काढा. एकत्र कचऱ्याची गाडी प्रकल्पावर आली तर दंड, ही अट लिहून घ्या.

प्रक्रियेचं बघू. दिवसाला ७ टन कचरा आणि त्यात ओला ४ टन धरला, तर ढीग लावून खत करायला फार मोठं यंत्र लागत नाही. ४ टन म्हणजे साधारण ८ घनमीटर. पाच आठवडे कुजायला धरले तर २८० घनमीटर. तळाला ३ मीटर, माथ्याला १ मीटर रुंद आणि दीड मीटर उंच अशी रास लावली तर आठवड्याची एक रास सुमारे १९ मीटर लांब होते. अशा पाच राशी, मध्ये लोडर फिरायला जागा, पुढे मुरवणं, चाळणं आणि साठवण मिळून १,२०० चौरस मीटर पक्की फरशी पुरते. वर छप्पर हवंच, कोकणात तर त्याशिवाय विचारच करू नका. उघड्यावरची रास पावसात भिजली की आतली हवा संपते, ती कुजण्याऐवजी सडते, वास सुटतो आणि काळं पाणी शेजारच्या विहिरीकडे निघतं. त्यानंतर गावकरी प्रकल्पाला कुलूप लावतात, ते बरोबरच करतात.

आपल्याकडच्या भाजीपाल्यात आणि खरकट्यात पाणी सत्तर टक्क्यांच्या पुढे असतं, राशीला पन्नास ते साठ लागतं. म्हणून पालापाचोळा, भुस्सा किंवा उसाचं चिपाड आधीपासून साठवलेलं हवं. मूठभर माल घट्ट दाबून बघा: बोटांतून दोन-चार थेंब आले तर ठीक, धार लागली तर कोरडं मिसळा, काहीच आलं नाही तर पाणी मारा. राशीच्या पोटात तापमान ५५ ते ६५ अंश असावं. चढलंच नाही तर बहुतेक वेळा ओल जास्त असते किंवा रास उलटायची राहिलेली असते. आठवड्याला एकदा उलटणं हे मुकादमाच्या वहीत तारखेसह आलं पाहिजे.

‘२४ तासांत खत’ असं सांगणारी यंत्रं घेऊ नका. ती कचरा गरम करून सुकवतात. तो माल पुन्हा भिजला की कुजायला लागतो आणि रोपांची मुळं जाळतो. वर विजेचं बिल महिन्याला येतच राहतं. हॉटेलांचं स्वच्छ खरकटं भरपूर मिळत असेल तर बायोगॅस चांगला, टनाला ८० ते १०० घनमीटर गॅस मिळतो. मात्र त्यात प्लास्टिक गेलं की पंप आणि पाइप तुंबतात. दिवसाला १०० किलोहून जास्त कचरा करणाऱ्या हॉटेल-मंगल कार्यालयांवर स्वतःच्या ओल्या कचऱ्याची जबाबदारी टाका, प्रकल्पावरचा भार तिथेच हलका होतो.

खत कच्च्या मालाच्या १५ ते २० टक्के निघतं, म्हणजे रोज सहाशे-आठशे किलो. शेतकरी ते खरीप आणि रब्बीच्या तोंडावरच उचलतात. चार महिन्यांचा माल, ८० टनांच्या आसपास, कोरडा ठेवायला गोदाम डीपीआरमध्ये आहे का बघा. राज्याच्या ‘हरित महासिटी कंपोस्ट’ या नावाने विकायचं असेल तर प्रयोगशाळेची तपासणी करावी लागते, आणि काच-प्लास्टिकचे तुकडे असलेला माल शेतकरी दुसऱ्यांदा घेत नाही.

सुक्या कचऱ्यातून किती उत्पन्न दाखवलंय तेही तपासा. पुठ्ठा, बाटल्या, धातू हे भंगारवाल्याकडे आधीच जातं आणि जावं. नगरपंचायतीच्या शेडमध्ये येतात ती रॅपर, पातळ पिशव्या, थर्माकोल, चपला, चिंध्या. यातलं बरंचसं सिमेंट भट्टीत जाळण्यापलीकडे कामाचं नसतं आणि राज्यातले मोठे सिमेंट कारखाने प्रामुख्याने चंद्रपूरकडे आहेत. मोकळं प्लास्टिक भरलेल्या ट्रकात जेमतेम दीड-दोन टन मावतं, म्हणून गठ्ठे बांधायचं यंत्र हवं आणि वाहतुकीचा खर्च जमेच्या नाही, खर्चाच्या बाजूला हवा. निवडायच्या कामावर गावातल्याच कचरावेचकांना घ्या. कुठला माल कोण घेतो हे त्यांना सल्लागारापेक्षा जास्त कळतं. पुण्यात २००८ पासून ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था घरोघरचं संकलन करते आहे.

हे जमवलेलं लहान गाव बघायचं असेल तर सभेआधी सिंधुदुर्गातल्या वेंगुर्ल्याला जाऊन या, मुकादमालाही सोबत न्या. तिथे कचरा डेपोच्या जागेवर लोक फिरायला येतात, कारण घरातच वेगळा झालेला कचरा शेडमध्ये आणखी बारकाईने निवडला जातो.

शेवटी पैशांचं. अनुदान मुख्यतः भांडवली खर्चाला मिळतं. पगार, डिझेल, वीज, दुरुस्ती नगरपंचायतीच्या तिजोरीतून जाते. डीपीआरमध्ये पुढच्या पाच वर्षांचा हा खर्च वर्षवार लिहिलेला नसेल आणि त्यासमोर उपभोक्ता शुल्काची, म्हणजे कचरा उचलण्यासाठी घरांकडून-दुकानांकडून घ्यायच्या पैशांची, वसुली किती धरली ते नसेल, तर ठराव तहकूब ठेवून दोन्ही तक्ते मागवा. वसुली शंभर टक्के धरलेला तक्ता परत पाठवा.